एका पावलाने काय होते?

वाळवंट हा शब्द आम्ही वसईकर लहानपणापासून उच्चारत आलो, तो प्रार्थनेत आणि प्रवचनात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की वाळवंटाची आठवण करून दिली जाते. प्रभू येशूचे चाळीस दिवस, इस्राएली प्रजेची चाळीस वर्षे, इजिप्तच्या संत अंतोनींचा दीर्घ एकांतवास. वाळवंट आम्हांला पाठ होते. ठाऊक मात्र नव्हते. जिथे चार महिने चिखल तुडवावा लागतो, जिथे वाडीत केळी आणि अंगणात विहीर, तिथल्या माणसाच्या कल्पनेतले वाळवंट ते केवढे असणार? फार तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरल्या वाळूएवढे.

२०१९ च्या उपवासकाळात आम्ही उभयता अमेरिकेत, सॅन डिएगो शहरी, थोरल्या लेकीकडे होतो. तिथल्या वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या बोलण्यात एकच विषय होता : वाळवंट फुलले आहे. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता, आणि फेब्रुवारीच्या मध्याला तर त्या भागात विलक्षण वृष्टी झाली होती. जावयांनी दोन तंबू, पाण्याचे मोठे डबे आणि शेगडी मोटारीत भरली आणि १५ मार्चच्या शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. आठ वर्षांचा नातू सर्वांत पुढे.

डोंगर चढून गेल्यावर एक घाट लागतो. त्याच्या माथ्यावरून खाली पाहिले आणि वाळवंटाविषयीची आमची पाठ केलेली समजूत तिथेच गळून पडली. खाली उजाड, तांबूस-करड्या डोंगरांच्या कुशीत एक विस्तीर्ण खोरे पसरले होते आणि त्या खोऱ्यात, जणू कोणी वाळत घातलेले लुगडे वाऱ्याने उडून पडावे तसे, जांभळे आणि पिवळे पट्टे होते. अँझा-बोरेगो हे त्या प्रदेशाचे नाव. कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यानांत सर्वांत मोठे. सहा लाख एकरांहून अधिक. अँझा हा स्पॅनिश कप्तान, आणि बोरेगो म्हणजे स्पॅनिश भाषेत मेंढरू; तिथल्या कड्यांवर वावरणाऱ्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांवरून हे नाव पडले. मध्यभागी बोरेगो स्प्रिंग्ज हे साधारण तीन हजार वस्तीचे गाव आहे. तिथे वर्षाला पाऊस पडतो तो सहा इंचांच्या आसपास. आमच्याकडे आषाढातल्या एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो आणि आम्ही त्याची वहीत नोंदही करीत नाही.

फुलांची मराठी नावे आम्ही सांगू शकत नाही, कारण ती नाहीत. जमिनीलगत पसरणारी जांभळट-गुलाबी सँड व्हर्बिना, जवळ गेले की मधुर वास येणारी. गुडघ्याला लागतील एवढ्या उंचीची पिवळी डेझर्ट सनफ्लॉवर; आपल्या सूर्यफुलाची धाकटी बहीण शोभावी अशी. ओकोटियो नावाचे एक झुडूप आहे. जमिनीतून काटेरी छड्यांची जुडी उभी करावी तसे दिसते आणि प्रत्येक छडीच्या टोकाला लाल फुलांची ज्योत. आपल्या फड्या निवडुंगाचा एक भाऊबंदही भेटला, त्याचे फूल भडक गुलाबी. आणि एका ठिकाणी, वाळूतून एकटाच उभा राहिलेला, पांढऱ्या फुलांचा एक तुरा : डेझर्ट लिली. हिचा कंद वाळूत खोल असतो आणि पाऊस मनाजोगा झाला नाही तर वर्षानुवर्षे वर येत नाही. त्या भूमीचे मूळ रहिवासी कहुइया लोक हे कंद खणून खात असत. स्पॅनिश लोकांनी त्याला लसूण असे नाव दिले.

शुक्रवार असल्यामुळे मांस वर्ज्य. लेकीने घरून वरणभात आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. ती आम्ही तंबूसमोर बसून खाल्ली. सूर्य डोंगराआड गेला आणि आमच्या देखत पांढऱ्या इव्हिनिंग प्रिमरोजच्या कळ्या उमलू लागल्या. हे फूल संध्याकाळी उघडते ते निशाचर पतंगांसाठी. चांदण्यात ती पांढरी फुले वाळूवर बश्या मांडून ठेवल्यासारखी दिसत होती. बोरेगो स्प्रिंग्ज गावाने आपले रस्त्यावरचे दिवे बेताने ठेवले आहेत. अंधार जपणारे गाव म्हणून २००९ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पहाटे तीनच्या सुमारास चंद्र मावळला आणि तेव्हा जे आकाश दिसले त्याविषयी आम्ही काही लिहीत नाही. लिहिण्याचा प्रयत्न करून पाहिला, फाडून टाकला.

त्या रात्री झोप नव्हती म्हणून जावयांनी एक हकीकत सांगितली. आम्ही होतो तिथून वायव्येला कायोटी कॅन्यन नावाची दरी आहे. कप्तान हुआन बाउतिस्ता दे अँझा १७७५ साली सुमारे दोनशे चाळीस माणसे आणि हजाराच्या घरात गुरेघोडी घेऊन मेक्सिकोच्या बाजूने सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाला, तो या दरीतून गेला. नाताळच्या आदल्या रात्री तिथे एका स्त्रीने मुलाला जन्म दिला. बाळाचे नाव साल्वादोर, म्हणजे तारणारा. तांड्यासोबत फादर पेद्रो फाँट हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते. त्या रात्री कप्तानाने लोकांना दारू वाटली म्हणून फादर संतापले, आणि तो संताप त्यांच्या रोजनिशीत आजही वाचता येतो. वसईच्या कुठल्याही फादरांना ही अडचण अपरिचित वाटणार नाही!

असो. या लेखाचा विषय दुसऱ्या दिवशी घडला.

शनिवारी सकाळी आम्ही बोरेगो पाम कॅन्यन नावाच्या दरीत चालत गेलो. जाऊन-येऊन तीन मैलांची वाट. धोंड्यांतून चढत गेल्यावर अचानक पाण्याचा आवाज येतो आणि समोर ताडासारख्या उंच वृक्षांची राई उभी राहते. वाळलेल्या पानांचे झगे बुंध्यापर्यंत नेसलेली. तिथे बसून आम्ही संत्री खाल्ली आणि साली पिशवीत भरून परत आणल्या. (हीच राई पुढे जानेवारी २०२० मध्ये आगीत होरपळली. ही झाडे आगीतूनही तगणारी आहेत. पण आम्ही पाहिलेली ती सावली काही परत यायची नाही.) वाटेच्या आरंभी एका फलकावर नियम लिहिले होते : फूल तोडू नये, दगड उचलू नये, वाळलेली काटकीही गोळा करू नये, वाट सोडू नये. नातवाने ते मोठ्याने वाचून दाखवले. आम्ही कौतुकाने मान डोलावली.

दुपारी गावाबाहेरच्या हेंडरसन कॅन्यन रोडवर गेलो. रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग लागलेली, आणि पलीकडे नजर पोहोचेल तिथवर पिवळी फुले. फुलांवरून ‘पेंटेड लेडी’ जातीची फुलपाखरे वायव्येकडे चालली होती, एकामागून एक, हजारोंनी. ही जात वसईतही दिसते, हे आम्हांला मागाहून कळले. लेक म्हणाली, ‘‘मम्मी-पप्पा, तुम्ही दोघे तिथे उभे राहा, फोटो काढते.’’ ‘तिथे’ म्हणजे रस्त्यापासून दहाबारा पावले आत. कोणीतरी आधी आत गेलेले असावे. एक अस्पष्ट वाट पडल्यासारखी दिसत होती. आम्ही निघालो.

नातू रस्त्यावरच थांबला. म्हणाला, ‘‘आजोबा, तिथे पाय ठेवायचा नाही.’’

आम्ही हसून म्हणालो, ‘‘अरे, एका पावलाने काय होते?’’

तो आला नाही. आम्ही गेलो. फोटो निघाला. दोन मिनिटांत परतलो. दोनतीन देठ मोडले असतील, थोडी वाकली असतील. कुणी रागावले नाही, कुणी पाहिलेही नाही. पण रात्री तंबूत पडल्यावर ते वाक्य आठवू लागले. ते वाक्य आमचे नव्हते. आम्ही ते पूर्वी कुठेतरी ऐकले होते. कुठे ऐकले होते ते आठवायला मध्यरात्र व्हावी लागली, आणि ते आम्ही शेवटी सांगू.

प्रश्न साधा दिसतो. मोडलेले तीन देठ. कोट्यवधी फुलांतली तीन. हानी मोजायची तर ती मोजण्याइतकीही नाही. जिथे हानीच दिसत नाही तिथे दोष कसला? आम्ही हा प्रश्न जावयांपुढे ठेवला. ते वनस्पतींच्या क्षेत्रातले नाहीत, पण वाचनाचा नाद आहे. त्यांनी प्रथम बियांची गोष्ट सांगितली.

ही फुले वर्षायू झाडांची. बी रुजते, फुलते, बी धरते आणि उन्हाळ्याच्या आत मरते. मातीत उरते ते फक्त बी. आणि ते पाहिजे तितकी वर्षे थांबते. पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फ्रिट्स वेंट नावाचे डच वंशाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४० च्या दशकात या बियांचा अभ्यास केला. अर्ध्या इंचाहून कमी पाऊस झाला तर बी दाद देत नाही. भरपूर पाऊस वरून पडला, बीच्या अंगात असलेली अंकुर रोखणारी द्रव्ये धुऊन गेली, तरच ते उठते. तेवढीच ओल खालून दिली तर उठत नाही! एखाद्या सरीला भुलून उठले तर पुढे पाणी न मिळून मरेल, म्हणून निसर्गाने हा चौकीदार ठेवला आहे. आणि चांगला पाऊस झाला तरी सगळे बी एकाच वर्षी उठत नाही. काही मागे राहते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डॅन कोहेन यांनी १९६६ साली गणिताने दाखवले की, ज्या प्रदेशात पुढच्या पावसाची शाश्वती नाही तिथे काही बी हातचे राखून ठेवणारी जातच टिकते. सगळे एकाच डावावर लावणारी एका वाईट वर्षात नामशेष होते.

आपला तलांत जमिनीत पुरून ठेवणारा चाकर शुभवर्तमानात दोषी ठरतो; इथे पुरून राहिलेले बीच वंशाला तारते, ही गंमत आम्हांला त्या रात्री सुचली. दृष्टांत फार ताणू नये हे खरे. तो चाकर भीतीने पुरीत होता, आणि बी कशाला भिते?

पण या माहितीने आमच्या तीन देठांचा हिशेब बदलला. मार्चच्या मध्याला ती फुले अजून बी धरायची होती. जे मोडले ते फूल मोडले असे नव्हे. त्या फुलाची मातीत पडायची ठेव मोडली. ती ठेव कदाचित दहा वर्षांनी, कुणा भलत्याच माणसाच्या डोळ्यांसमोर, कुणा भलत्याच सुरवंटाच्या तोंडी उघडायची होती. माणसांचे कौतुक इथे दुय्यमच आहे. या फुलांवर स्फिंक्स जातीच्या पतंगांचे जाडजूड सुरवंट पोसतात, आणि अर्जेंटिनातून उत्तरेकडे निघालेले स्वेन्सन ससाणे त्या सुरवंटांसाठी या खोऱ्यात उतरतात. आम्ही फोटोसाठी जिथे उभे राहिलो ते कुणाचे तरी जेवणाचे ताट होते.

तरीही तीन देठच. कोणता ससाणा त्यामुळे उपाशी राहिला? कोणताच नाही.

इथे आम्हांला एका इंग्रज तत्त्वज्ञाचे साहाय्य झाले. डेरेक पारफिट यांचा ‘रीझन्स अँड पर्सन्स’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एक कल्पना मांडली आहे, आणि ती वाळवंटातलीच आहे. पुष्कळ जखमी माणसे वाळवंटात तहानेने तळमळत पडली आहेत. तितकीच माणसे इकडे आहेत आणि प्रत्येकाजवळ थोडे थोडे पाणी आहे. प्रत्येकाने आपले पाणी एका गाडीत ओतले तर ते सर्व जखमींना सारखे वाटले जाईल. पण एकाने ओतलेले पाणी हजारात वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला थेंबच येणार. त्या थेंबाने कुणाची तहान कमी झाल्याचे त्यालाही कळणार नाही. मग ओतणाऱ्याने काहीच केले नाही काय? तसे आपण म्हणत नाही. सगळ्यांनी मिळून तहान भागवली, आणि प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. पारफिट त्याच हिशेबाने उलटी बाजूही मांडतात : प्रत्येकाची इजा जाणवू नये इतकी बारीक असली, तरी सर्वांची मिळून वेदना होत असेल तर प्रत्येक जण तिचा धनी आहे.

हे आम्हां ख्रिस्ती माणसांना नवे वाटण्याचे कारण नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा आपल्याला ठाऊक आहे. तिच्या दोन दमड्यांनी मंदिराचा खजिना वाढला असे कोणता खजिनदार म्हणेल? पण त्या प्रभूने मोजल्या. लहानसे सत्कृत्य मोजले जावे असे आम्हांला वाटते. लहानशा हानीला मात्र सूट हवी. हे एकाच वहीत दोन हिशेब झाले.

योगायोग असा की, त्याच १९८४ सालाच्या डिसेंबरात पोप जॉन पॉल दुसरे यांचे समेट व प्रायश्चित्त या विषयावरचे बोधपत्र निघाले. त्यात ते सामाजिक पापाविषयी बोलतात. समाजाचे पाप असे म्हणून ते हवेत सोडून देऊ नका. ते अनेक व्यक्तींच्या पापांचा साठा असते, असा त्यांचा आशय आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाच्या आरंभीच कॉन्स्टँटिनोपलचे कुलगुरू बार्थोलोम्यू यांचे स्मरण केले आहे, ते याच मुद्द्यावर : आपण प्रत्येक जण सृष्टीची जी लहानसहान हानी करतो तिचा पश्चात्ताप करायला हवा. मोठी हानी करणाऱ्याकडे बोट दाखवणे सोपे. लहान हानी कुणाच्याच पापनिवेदनात येत नाही, आणि म्हणून ती कुणाचीच नसते.

आता कोणी म्हणेल, असे प्रत्येक पाऊल मोजत बसलात तर वेडे व्हाल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शंकेखोर विवेक हे एक दुखणेच आहे आणि संतांनी त्यावर उपाय सांगितले आहेत. लोयोळाचे संत इग्नाती यांनी आपल्या ‘अध्यात्मसाधने’त या विषयावर टिपणे लिहिली आहेत, आणि त्यांचे उदाहरण नेमके पावलाचेच आहे : वाटेत गवताच्या दोन काड्यांचा क्रूस पडलेला असतो, त्यावर एखाद्याचा नकळत पाय पडतो, आणि तो समजतो की आपण पाप केले. इग्नाती म्हणतात, हा चुकीचा निर्णय आहे. आम्ही या उदाहरणावर बराच विचार केला. आमचे पाऊल नकळत पडले नव्हते. फलक वाचला होता. आठ वर्षांच्या मुलाने आठवण दिली होती. शंकेखोर माणूस नसलेला दोष पाहतो. आम्ही असलेला दोष हसण्यावारी नेला.

मग दुसरा आक्षेप. कहुइया लोक पिढ्यान्‌पिढ्या याच वाळूवरून चालले, कंद खणून खाल्ले. फादर फाँट यांच्या तांड्यातील हजारभर जनावरांनी किती फुले तुडवली असतील? त्यांना कोणी दोष देत नाही. मग आमच्याच पायांत काय विष आहे? यावर आमचे उत्तर असे की, भुकेने खणलेला कंद आणि फोटोसाठी मोडलेले फूल यांत गरजेचा फरक आहे. आणि त्याहून मोठा फरक म्हणजे कंद खणणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथेच यायचे होते. त्याची चूक त्याच्याच पोराबाळांच्या ताटात पडणार होती, म्हणून त्याला मोजमाप ठाऊक होते. आम्ही सोमवारी दुसरीकडे असणार होतो. ज्या भूमीला आपण पुन्हा तोंड दाखवणार नाही तिथे माणूस कसा वागतो, यावर त्याची परीक्षा होते.

शिवाय परक्या पावलाबरोबर काय काय येते हेही तिथे पाहायला मिळाले. सहारा मोहरी म्हणून एक तण त्या वाळवंटात माजले आहे. उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडचे. खजुराच्या लागवडीबरोबर १९२० च्या दशकात शेजारच्या कोचेला खोऱ्यात ते आले असावे असे मानतात. रस्त्याच्या कडेने, चाकांना चिकटून, वाऱ्याने घरंगळत ते पसरते आणि देशी फुले उगवण्याआधीच ओल पिऊन टाकते. त्यामुळे त्या उद्यानात एक विचित्र दृश्य दिसते : फूल तोडणारा दंडास पात्र, आणि तिथेच स्वयंसेवक वाकून वाकून मोहरी उपटताहेत व त्यांचे आभार मानले जाताहेत. उपटणे वाईट की चांगले हे हाताकडे पाहून ठरत नाही.

मग जाऊच नये काय? इथे आम्हां उभयतांत एकमत नाही, आणि ते झाल्याचा आव आम्ही आणीत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, ज्याने कधी पाहिलेच नाही तो राखण्यासाठी का झटेल? ते उद्यान १९३० च्या दशकात उभे राहिले ते काही माणसांनी ते वाळवंट पाहिले आणि त्यावर जीव जडला म्हणून. दुसऱ्याचे म्हणणे : जीव जडायला एवढी गर्दी कशाला लागते? २०१७ साली अशाच बहराच्या वेळी त्या तीन हजारांच्या गावात इतकी माणसे लोटली की उपाहारगृहांतले अन्न संपले. आणि आम्ही ज्या शनिवार-रविवारी तिथे होतो त्याच दोन दिवसांत लेक एल्सिनोर या दुसऱ्या गावी, पॉपीच्या केशरी फुलांनी भरलेल्या वॉकर कॅन्यनकडे, गावाच्या लोकसंख्येहून अधिक माणसे उसळली. रस्ते तुंबले आणि नगरपालिकेला तो भाग बंद करावा लागला. टेकड्यांवर माणसांनी फुलांत बसून, लोळून फोटो काढले. वरून पाहता केशरी पटावर असंख्य करड्या रेघा दिसत होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे एकेका पावलाने काहीच न झालेल्या माणसांची रांग. २०२३ साली पुन्हा बहर आला, तेव्हा त्या गावाने फेब्रुवारीतच वॉकर कॅन्यन पूर्ण बंद केले. आपल्या साताऱ्याच्या कास पठारावरही रोजच्या माणसांची संख्या ठरवून द्यावी लागली, ती यामुळेच.

रविवारी सकाळी आम्ही बोरेगो स्प्रिंग्जमध्येच मिस्सा ऐकली. उपवासकाळातला दुसरा रविवार. वाचन होते येशूच्या रूपांतराचे. डोंगरावर ते तेज पाहून पेत्र म्हणतो की इथे तीन तंबू उभारू. जावयांनी आमच्याकडे पाहिले. आमचे दोन तंबू मोटारीच्या टपावर बांधलेले होते. पेत्राचे चुकले कुठे, हा प्रश्न आम्हांला पूर्वी कधी पडला नव्हता. त्याने पाहिले, त्याला बरे वाटले, आणि लगेच ते तेज आपल्यापाशी धरून ठेवण्याची त्याला घाई झाली. तंबू नाही तर फोटो.

आता ते वाक्य.

१९८० च्या दशकात आमच्याकडे टँकर येऊ लागले. शेजारच्या गावांत इमारती उठत होत्या, त्यांना पाणी हवे होते, आणि आमच्या पट्ट्यातल्या विहिरी व बावखले तुडुंब होती. एक टँकरवाला आमच्या घरी येऊन बसला. वडील तयार नव्हते. वडिलांना रहाटाचे दिवस ठाऊक होते. विहीर रात्री पुन्हा भरायला किती वेळ घेते हे ते काठावर बसून सांगू शकत. टँकरवाला म्हणाला, ‘‘काका, एका टँकरने विहीर आटते का?’’ आम्ही तरुण होतो, घरात पैशाची गरज होती, आणि वडिलांना समजावण्याचे काम आम्हीच केले. तेच वाक्य, त्याच सुरात, आम्ही वडिलांना ऐकवले. एकाचे दोन टँकर झाले. शेजाऱ्यांनीही दिले, त्यांचाही एकेकच होता. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा आम्ही मोर्च्यात चाललो, घोषणा दिल्या, आणि त्या घोषणा खऱ्या मनाने दिल्या. बोट मात्र आम्ही बिल्डरांकडे आणि टँकरवाल्यांकडे दाखवले. कोणत्या वर्षी ते सांगता येत नाही, पण एका उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ लागले, आणि दोनतीन वर्षांत केळीची पाने कडेने करपू लागली. समुद्र खालून आत आला होता. कोणाच्या टँकरने? कोणाच्याच नाही.

वडील त्यावर कधीच काही बोलले नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी नळ येईपर्यंत ते दुसऱ्या आळीतून हंडा आणीत आणि येताना आमच्या विहिरीच्या कठड्यावर टेकत.

परतीच्या वाटेवर घाट चढताना नातवाने विचारले की पुढच्या वर्षी फुले येतील का. त्याचे वडील म्हणाले, सांगता येत नाही, पावसावर आहे. तो म्हणाला, ‘‘पण बी आहे ना खाली?’’ आम्ही दोघेही मागच्या आसनावर होतो. उत्तर त्याच्या आईने दिले.

तो फोटो लेकीने मोठा करून, चौकटीत बसवून पाठवला. वसईच्या घरी, बाहेरच्या खोलीत, अल्तारीच्या शेजारच्या भिंतीवर तो आहे. आल्यागेल्याला आवडतो. ‘हे काय, काश्मीर?’ असे पुष्कळ जण विचारतात. आम्ही दोघे हसत उभे आहोत, मागे करडे डोंगर, भोवती पिवळा समुद्र. फुले गुडघ्यापर्यंत आहेत, त्यामुळे आमचे पाय त्यात दिसत नाहीत.